एच. पायलोरी, जठराची जुनी सूज आणि कॅन्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी हिस्टोपॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये काम करते. म्हणजे एंडोस्कोपी करताना पोटातून जे बारीक तुकडे काढतात ते आमच्याकडे येतात, आम्ही ते मायक्रोस्कोपखाली बघतो. त्यामुळे रिपोर्टवर "एच. पायलोरी पॉझिटिव्ह" (हा जठरात राहणारा एक जंतू) किंवा "क्रॉनिक गॅस्ट्रायटिस" (म्हणजे जठराची जुनी सूज) असं दिसलं की ओळखीतले, ओळखीच्यांच्या ओळखीतले सगळे फोटो काढून पाठवतात आणि विचारतात, अगं हा कॅन्सर आहे का? तेच तेच प्रश्न येतात म्हणून एका जागी लिहिलंय. औषध कुठलं घ्यायचं ते तुमचे डॉक्टरच ठरवणार, पण रिपोर्टमधले शब्द कळले तर त्यांच्याशी नीट बोलता तरी येईल.

रिपोर्टमध्ये एच. पायलोरी आलंय. मला कॅन्सर होणार का?

बहुतेक नाही. जगातल्या साधारण निम्म्या लोकांच्या पोटात हा जंतू आहे असं मानतात, आणि त्यांच्यातल्या फक्त १ ते ३ टक्के लोकांना पुढे जठराचा कॅन्सर होतो, तोही कित्येक दशकांनी. बाकीच्यांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही.

पण म्हणून "काही नाही ओ, सगळ्यांनाच असतं" असं म्हणून सोडून देऊ नका. जपानमध्ये १,५२६ पेशंट्सवर सरासरी ७.८ वर्षं लक्ष ठेवलं होतं, तो अभ्यास २००१ साली आला. ज्यांच्या पोटात जंतू होता अशा १,२४६ जणांपैकी ३६ जणांना जठराचा कॅन्सर झाला. ज्यांच्यात नव्हता त्या २८० जणांपैकी एकालाही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने तर १९९४ मध्येच याला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कॅन्सर घडवतो हे नक्की ठरलेल्या गोष्टींच्या यादीत. तंबाखू त्याच यादीत आहे.

पोटात एवढं ॲसिड असतं, त्यात जंतू जगतो कसा?

त्याच्याकडे युरिएज नावाचं एन्झाइम आहे. आपल्या पोटातल्या युरियाचं तो त्यातून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड करतो, अमोनिया ॲसिड मारतो, आणि तेवढ्यात हा वळवळत जठराच्या आतल्या चिकट म्यूकसच्या थरात शिरतो. त्या थरात ॲसिड खूप कमी असतं. तिथे एकदा घर केलं की वर्षानुवर्षं हलत नाही.

हे डोळ्यांनी बघायला मिळतं. एंडोस्कोपीत काढलेला दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा तिथल्या तिथे एका पिवळ्या जेलमध्ये टाकतात. त्या जेलमध्ये युरिया असतो. जंतू भरपूर असतील तर तुकड्याच्या भोवती आधी गुलाबी कडा येते आणि मग सगळं जेल गडद गुलाबी होतं, कधी कधी पेशंट टेबलावरून उठायच्या आत. आमच्याकडे आल्यावर गिम्साचा रंग दिला की पेशींच्या अगदी वर, म्यूकसमध्ये, निळे वाकडे बारीक दांडे दिसतात. झुंडीने असतात. मला अजूनही दर वेळी नवल वाटतं.

हे शोधलं कोणी? जंतू स्वतः प्यायलेले डॉक्टर हेच का?

हो, तेच. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते. १९७९ मध्ये त्यांना जठराच्या तुकड्यांत हे वाकडे जंतू दिसले आणि जिथे जंतू तिथे सूज हेही त्यांच्या लक्षात आलं. तेव्हा सगळ्यांचं मत होतं की ॲसिडमध्ये काही जगूच शकत नाही. मग बॅरी मार्शल नावाचा तरुण डॉक्टर त्यांच्यासोबत आला. जंतू लॅबमध्ये वाढवायचा प्रयत्न सारखा फसत होता, कारण दोन दिवसांत काही उगवलं नाही की प्लेटा टाकून द्यायचे. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत प्लेटा तशाच जास्त दिवस राहिल्या आणि जंतू उगवला.

तरी लोक मानेनात, म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी जंतूचं द्रावण स्वतःच पिऊन टाकलं. आधी एंडोस्कोपी करून पोट चांगलं असल्याची खात्री केली होती. काही दिवसांत मळमळ, उलट्या, तोंडाला घाण वास सुरू झाला, परत एंडोस्कोपी केली तर जठराला चांगलीच सूज आणि जंतू हजर. त्यांना अल्सर झाला असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, ते चूक आहे, त्यांना सूज आली होती, म्हणजे गॅस्ट्रायटिस. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. अर्थात हा प्रयोग घरी कोणी करायचा नाही.

सूज तर शरीराचं रक्षण करते ना? मग तिच्यातून कॅन्सर कसा होतो?

हाच खरा प्रश्न आहे.

गुडघा खरचटला की लाल होतो, सुजतो, पांढऱ्या पेशी येतात, जंतू मारतात, जखम भरते, सूज उतरते. आठवड्यात विषय संपला. जठरात काय होतं, की पांढऱ्या पेशी येतात पण म्यूकसमध्ये दडलेला जंतू त्यांच्या हाती लागत नाही, आणि शरीर मात्र सैन्य मागे घेत नाही. ही लढाई लहानपणी सुरू झालेली असते आणि साठाव्या वर्षीही चालूच असते. त्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला जी तिखट रसायनं सोडतात, ऑक्सिजनचे आक्रमक प्रकार वगैरे, ती आपल्याच पेशींच्या डीएनएला लागतात.

दुसरीकडे पेशी मरतात म्हणून नव्या बनवाव्या लागतात. जठराचं अस्तर तसंही दर काही दिवसांनी बदलत असतं, सुजेमुळे हे काम अजून घाईने होतं. आपल्या शहरातला रस्ता आठवा, पाइपसाठी खणला, बुजवला, केबलसाठी परत खणला, परत बुजवला, आणि दर वेळी डांबर थोडं वाकडंच बसलं. पेशी विभागते तेव्हा डीएनएची कॉपी होते, आणि जितक्या जास्त कॉप्या तितक्या चुका. वर सुजेची जी रसायनं असतात ती पेशींना सारखं सांगत असतात की वाढा, मरू नका. बिघडलेल्या पेशीने खरं तर मरून जायला हवं. हा निरोप मिळाल्यावर ती मरत नाही.

तिसरं म्हणजे जंतू स्वतःही गप्प बसत नाही. काही जातींकडे कॅग-ए नावाचं प्रथिन असतं, ते इंजेक्शन दिल्यासारखं थेट आपल्या पेशीच्या आत टोचतात आणि पेशीच्या वाढीच्या सिग्नलमध्ये ढवळाढवळ करतात. अशा जातींमध्ये कॅन्सरचा धोका जास्त असतो. जपान, कोरिया, चीनकडचं कॅग-ए थोडं वेगळं आणि जास्त जोरदार आहे.

सूज आणि कॅन्सर यांचा संबंध असावा असं जर्मनीच्या रुडॉल्फ विर्शो यांनी १८६३ मध्येच म्हटलं होतं, गाठींमध्ये त्यांना पांढऱ्या पेशी दिसायच्या. कसं होतं ते कळायला पुढची शंभरेक वर्षं गेली.

रिपोर्टमध्ये "ॲट्रॉफी", "इंटेस्टाइनल मेटाप्लेझिया" असं लिहिलंय. हे काय आहे?

हे मधले टप्पे आहेत. कोलंबियाचे पॅथॉलॉजिस्ट पेलायो कोरेया यांनी १९७० च्या दशकात ही साखळी मांडली आणि आजही आम्ही तीच वापरतो. आधी साधी सूज. मग वर्षानुवर्षांच्या सुजेने जठरातल्या ग्रंथी झिजतात, ही ॲट्रॉफी. मग झिजलेल्या जागी आतड्यासारख्या पेशी उगवतात, हा इंटेस्टाइनल मेटाप्लेझिया, मायक्रोस्कोपखाली लगेच ओळखू येतो कारण म्यूकसने फुगलेल्या गोल पेशी, ज्या जठरात एरवी कधीच नसतात, तिथे बसलेल्या असतात. मग डिसप्लेझिया, म्हणजे पेशींचा आकार आणि शिस्त बिघडणं. आणि शेवटी कॅन्सर.

यात ॲसिड बनवणाऱ्या पेशीही झिजतात, ॲसिड कमी होतं. ॲसिड कमी म्हणजे चांगलंच की, असं वाटेल, पण तसं नाही. ॲसिड कमी झालं की एरवी तिथे न टिकणारे दुसरे जंतू येऊन राहतात, आणि त्यातले काही नायट्रेटपासून अशी संयुगं बनवतात जी स्वतः डीएनए बिघडवतात. म्हणजे एका जंतूने सुरुवात करायची आणि पुढचं काम दुसऱ्यांनी करायचं.

आता हे वाचून घाबरू नका. पहिल्या टप्प्यांतले बहुसंख्य लोक पुढे जातच नाहीत. साधी सूज जंतू मारल्यावर उतरते, ॲट्रॉफीही काही जणांत सुधारते. मेटाप्लेझिया मात्र सहसा मागे फिरत नाही, म्हणून तो जठरभर पसरलेला असेल तर साधारण तीन वर्षांनी परत एंडोस्कोपी करायला सांगतात. डिसप्लेझिया लिहिलं असेल तर तो कागद कपाटात ठेवायचा नाही, त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जायचं.

मला ड्युओडेनल अल्सर होता. मग माझा धोका डबल का?

उलट कमी. वर सांगितलेल्या जपानी अभ्यासात ड्युओडेनल अल्सरवाल्यांपैकी एकालाही जठराचा कॅन्सर झाला नाही. कारण सूज कुठे आहे यावर सगळं अवलंबून असतं. सूज जठराच्या खालच्या टोकाला असेल तर ॲसिड वाढतं आणि पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर होतो. सूज जठराच्या मधल्या भागात पसरली तर ॲसिड बनवणाऱ्या पेशीच झिजतात आणि वरची साखळी सुरू होते. जठरातल्या अल्सरचं मात्र वेगळं आहे, तिथे धोका असतो आणि कधी कधी अल्सरसारखा दिसणारा तोच कॅन्सर निघतो, म्हणून जठराच्या अल्सरचा तुकडा तपासतातच आणि भरला की नाही ते परत बघतात.

भारतात तर निम्म्याहून जास्त लोकांना हा जंतू आहे, मग जपानसारखा कॅन्सर का नाही?

पूर्ण उत्तर अजून नाही. जंतूची जात, माणसाची जनुकं, खाणं, तंबाखू सगळं मिळून ठरतं. काही लोकांत सूज वाढवणारं इंटरल्युकिन-१ बीटा जन्मतःच जास्त बनतं, त्यांना धोका जास्त, हे २००० सालच्या सुमाराला कळलं. कोलंबियात तर एकाच प्रांतात समुद्रकाठच्या तुमाको गावात आणि डोंगरातल्या तुकेरेस गावात जवळपास सारखाच जंतू पसरलाय, पण डोंगरात कॅन्सर कित्येक पटींनी जास्त.

आणि भारत म्हणजे एकच चित्र नाही. मिझोरममध्ये, विशेषतः ऐझॉलकडे, जठराच्या कॅन्सरचं प्रमाण देशात सगळ्यात जास्तमध्ये मोडतं. तिथे धुरावलेलं मांस, साउम म्हणजे आंबवलेली डुकराची चरबी, आणि तुईबूर म्हणजे तंबाखूचा धूर जिरवलेलं पाणी, या सगळ्याशी त्याचा संबंध अभ्यासांत दिसलाय. आपल्या महाराष्ट्रात पुरुषांत तोंडाच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त आहे. त्याचं कारण आपल्याला माहीत आहे.

तिखट खाल्ल्याने होतं का?

तिखटाने जळजळ वाढू शकते, पण अल्सरची मुख्य कारणं हा जंतू आणि दुखण्याच्या गोळ्या. कॅन्सरच्या बाबतीत तिखटापेक्षा मीठ जास्त वाईट, खूप खारवलेलं आणि धुरावलेलं रोजच्या रोज खाणं. लोणच्याच्या एका फोडीने काही होत नाही.

मी रोज सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी घेतो, मस्त वाटतं. टेस्ट कशाला?

याच प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला बसले. आपल्याकडे "पित्त झालंय" म्हणून मेडिकलमधून पँटोप्राझोल नाहीतर ओमेप्राझोलची पट्टी आणायची आणि वर्षानुवर्षं घेत राहायचं, वडील घेतात म्हणून मुलगाही घेतो, हे घराघरांत आहे. गोळी वाईट नाही. ज्याला गरज आहे त्याला ती खूप उपयोगी आहे. पण ती ॲसिड कमी करते, जंतू मारत नाही. जळजळ थांबली म्हणजे सूज गेली असं होत नाही, आत लढाई चालूच असते. आणि जंतू असताना वर्षानुवर्षं ॲसिड दाबून ठेवलं तर सूज खालच्या टोकाकडून मधल्या भागाकडे सरकू शकते, जिथे ती यायला नको तिथेच. म्हणून दीर्घकाळ ही गोळी लागणार असेल तर आधी जंतू आहे का बघा, असेल तर मारा, असं तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे.

अजून एक, जे लॅबमध्ये सारखं दिसतं. गोळी चालू असताना तुकडा काढला की जंतूंची संख्या इतकी कमी होते की सूज भरपूर दिसते पण जंतू सापडत नाही, रिपोर्ट निगेटिव्ह जातो आणि माणूस खुश होऊन घरी. म्हणून टेस्टच्या आधी दोन आठवडे ही गोळी आणि चार आठवडे अँटिबायोटिक बंद पाहिजे, डॉक्टरला विचारून. मधल्या काळात जळजळ झालीच तर साधं अँटासिड चालेल का तेही विचारा.

आणि वजन आपोआप कमी होणं, गिळायला त्रास, सारख्या उलट्या, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघणं, थोडं खाल्लं की पोट भरणं, यातलं काहीही असेल किंवा चाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच पित्त सुरू झालं असेल तर गोळी बदलून बघायची नाही, सरळ एंडोस्कोपीचं विचारायचं.

कुठली टेस्ट करायची?

धोक्याची लक्षणं नसतील तर श्वासाची टेस्ट किंवा शौचाची अँटिजेन टेस्ट. श्वासाच्या टेस्टमध्ये खूण केलेला युरिया पाजतात, जंतू असेल तर तो युरिया फोडतो आणि तो खुणेचा कार्बन श्वासातून बाहेर येतो. रक्ताची अँटिबॉडी टेस्ट स्वस्त पडते म्हणून लोक करतात, पण जंतू गेल्यावरही ती बरेच महिने पॉझिटिव्ह राहू शकते, त्यामुळे आता आहे की पूर्वी होता ते तिच्यावरून कळत नाही. उपचारानंतर तर ती अजिबात उपयोगाची नाही.

औषध किती दिवस? मध्येच बंद केलं तर?

साधारण १४ दिवस. ॲसिड कमी करणारी गोळी आणि सोबत दोन अँटिबायोटिक, किंवा बिस्मथ धरून चार औषधं. गोळ्या खूप असतात, तोंड कडू होतं, मळमळतं, पोट बिघडतं, बिस्मथने शी काळी होते त्याने घाबरू नका. मेट्रोनिडाझोल असेल तर दारू अजिबात नाही.

मध्येच सोडायचं नाही, प्लीज. आपल्याकडे जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल इतकं खाल्लं गेलंय की त्याला दाद न देणारे जंतू खूप आहेत, आणि क्लॅरिथ्रोमायसिनचंही तेच व्हायला लागलंय. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून थांबलात तर उरलेले जंतू जास्त चिवट असतात आणि पुढच्या वेळी औषध निवडायला पर्याय कमी उरतात. दही-ताक घ्या, पोटाला बरं वाटतं, पण नुसत्या ताकाने, मधाने किंवा ओव्याने हा जंतू जात नाही.

कोर्स संपल्यावर निदान चार आठवड्यांनी परत टेस्ट करा. हे जवळजवळ कोणीच करत नाही.

जंतू मारला की कॅन्सर टळतो का?

धोका बराच कमी होतो, शून्य होत नाही. तैवानच्या मात्सू बेटांवर २००४ पासून सगळ्या मोठ्या माणसांना तपासून औषध दिलं, तिथे जठराचा नवा कॅन्सर ५३ टक्क्यांनी कमी झाला. चीनमधल्या लिंचू भागात फक्त दोन आठवड्यांचं औषध दिलेल्यांवर २२ वर्षं लक्ष ठेवलं, तिथेही प्रमाण साधारण निम्म्यावर आलं. कोरियात ज्यांच्या आई-वडील-भावंडांपैकी कोणाला हा कॅन्सर झाला होता अशांना औषध दिलं, त्यांच्यात १.२ टक्के आणि औषध न दिलेल्यांत २.७ टक्के. म्हणून घरात कोणाला जठराचा कॅन्सर झाला असेल तर त्रास नसला तरी टेस्टचं विचारा. जितक्या लवकर, म्हणजे ॲट्रॉफी-मेटाप्लेझियाच्या आधी, तितका फायदा जास्त.

माल्ट लिम्फोमा नावाचा जठराचा एक वेगळा कॅन्सर आहे, तो तर सुरुवातीच्या टप्प्यात असेल तर बऱ्याच जणांत फक्त अँटिबायोटिकने जातो. सूज गेली की गाठीचा आधारच जातो. सूज आणि कॅन्सरच्या नात्याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

घरातल्या सगळ्यांना देऊ का औषध? मुलांना?

टेस्टशिवाय कोणालाच नाही. हा जंतू बहुतेक वेळा लहानपणीच, घरातल्या घरात, तोंडातून किंवा अस्वच्छ हात-पाण्यातून येतो, त्यामुळे घरात अजून कोणाला असणं साहजिक आहे. नवरा-बायकोची टेस्ट करायला हरकत नाही. लहान मुलांना लक्षणं नसताना तपासत नाहीत, ते बालरोगतज्ज्ञांवर सोडा. बाळाला आपल्या तोंडातला घास चावून भरवायची पद्धत मात्र आता बंद करा.

हे फक्त पोटातच होतं का?

नाही. हेपटायटिस बी आणि सी मध्ये यकृताला वर्षानुवर्षं सूज राहते आणि त्यातून यकृताचा कॅन्सर होतो, बी ची लस आहे, ती घ्याच. अल्सरेटिव्ह कोलायटिस खूप वर्षं असेल तर मोठ्या आतड्याचा धोका वाढतो. गंगेच्या पट्ट्यात पित्ताशयाचा कॅन्सर जास्त आहे आणि त्याच्यामागे पित्ताचे खडे आणि जुनी सूज हे एक मोठं कारण धरतात. आणि गुटखा-सुपारीने तोंडाचं अस्तर आधी चिडतं, मग कडक होत जातं, तोंड उघडेनासं होतं, त्यातल्या काहींना कॅन्सर होतो. तिथे जंतूही लागत नाही.

लस आहे का?

बाजारात नाही. चीनमध्ये शाळकरी मुलांवर तोंडावाटे द्यायच्या लसीची मोठी चाचणी झाली, २०१५ मध्ये निकाल आला, पहिल्या वर्षी तिने साधारण ७२ टक्के संरक्षण दिलं होतं.

डॉक्टरकडे जाताना काय न्यायचं?

जुने एंडोस्कोपीचे आणि तुकड्याचे दोन्ही रिपोर्ट, फक्त फोटोचा कागद नाही. घरात कोणाला कसला कॅन्सर झाला होता ते विचारून घ्या, आजी "पोटाच्या दुखण्याने गेली" असं सांगतात तेव्हा जरा अजून खोदून विचारा. दुखण्याच्या गोळ्या, ॲस्पिरिन घेत असाल तर सांगा. आधी कधी एच. पायलोरीचा कोर्स केला असेल तर कुठली अँटिबायोटिक होती ते डॉक्टरला कळायलाच हवं, नाहीतर तेच औषध परत दिलं जाईल आणि परत लागू पडणार नाही, म्हणून जुनी चिठ्ठी किंवा गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या पिशवीत टाकून न्या.